श्रीधर गभण्यांची तोंडी परीक्षा

श्रीधरची बायको सुहासिनी सकाळी सव्वाअकरा वाजता गेली आणि त्याला ते दुपारी चार वाजता कळलं.

मधले पावणेपाच तास तो सावनेरजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या पाहत होता. जिनिंगमध्ये फोन आत नेता येत नाही. एक ठिणगी पडली तर सगळी रुई पेटते, म्हणून काडेपेटी, विडी आणि मोबाइल गेटवरच जमा करायचे असा नियम आहे. चौकीदाराच्या लाकडी पेटीत वीस-पंचवीस फोन पडलेले असतात. त्या दिवशी त्यातला एक सारखा वाजत होता. पण तिथे दिवसभर कोणाचा ना कोणाचा वाजतच असतो, त्यामुळे चौकीदारानं ते मनावर घेतलं नाही. आधी सुहासिनीच्या कॉलेजातून, मग दवाखान्यातून, मग पुण्याहून मुलगी भैरवी, असे सव्वीस फोन येऊन गेले होते. जिनिंगच्या ऑफिसचा नंबर त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हता.

शेवटी शेजारचे वामनराव मानकापूरहून स्कूटर काढून सावनेरला आले. पोस्टातून निवृत्त झालेला सत्तरीचा माणूस, थंडीत पस्तीस किलोमीटर आला. गाड्यांच्या रांगेतून ते चालत येताना दिसले तेव्हा श्रीधरच्या चिमटीत कापूस होता. श्रीधरच्या नोकरीच्या एकतीस वर्षांत वामनराव तिथे कधी आले नव्हते.

"चाल गा, श्रीधर," ते म्हणाले.

"भैरवी?"

"नाही. वहिनी."

श्रीधरनं समोरच्या गाडीचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी मजुराच्या हातात दिली आणि मग तो निघाला. आकडा बरोबर होता. तेव्हाही आकडा बरोबर आला याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

श्रीधर ग्रेडर होता. गाडी आली की तो वरचा थर बाजूला सारायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा, खालचा कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा आणि तंतू किती लांब आहे, ओल किती आहे, ते सांगायचा. सांगायचा म्हणजे लिहायचा. त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की ग्रेडरनं गाडीजवळ तोंड उघडायचं नाही. चांगला म्हटलं तर विकणारा अडून बसतो, वाईट म्हटलं तर पाठीमागच्या दहा गाड्यांचा भाव पडतो. आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी घडी करून ऑफिसात पाठवायची आणि चेहरासुद्धा हलू द्यायचा नाही. आता लॅबमध्ये मशीन आलं होतं, पण गाडी आत घ्यायची की परत पाठवायची हे अजून श्रीधरचे अंगठेच ठरवत.

ही सवय घरीही आली होती. सुहासिनी विचारायची, "पातोडीचा रस्सा कसा झाला?" हा गप्प. मग ती पेन्सिल आणि कागद ताटाशेजारी ठेवायची. "तोंडानं होत नसेल तर लिहून द्या." एकदा त्यानं खरंच लिहून दिलं, मीठ कमी. ती हसली आणि तो कागद तिनं फ्रिजवर चिकटवला. वर्षभर तिथे होता.

सुहासिनी एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात होती. इंग्रजी पत्रं, अर्ज, दाखले सगळं तिच्या हातचं. इंग्रजीचं वेड तिनंच घरात आणलं, आणि त्याला कारण झालं जिनिंगच्या मॅनेजरचं, अनंतचं बोलणं. आदल्या वर्षी व्हिएतनामचे खरेदीदार आले होते. अनंतनं त्यांना फाडफाड इंग्रजीत सांगितलं की सगळा माल तीसचा, म्हणजे तीस मिलिमीटर तंतूचा आहे. श्रीधरच्या चिठ्ठीवर अठ्ठावीस होतं. श्रीधर दोन पावलं मागे उभा होता. काय चाललंय ते त्याला सगळं कळलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. तीन महिन्यांनी तक्रार आली आणि मालकानं अनंतला नाही, ग्रेडरला बोलावून विचारलं.

हे सुहासिनीला सहन झालं नाही. "कापूस तुम्ही पारखता आणि त्याच्याबद्दल बोलतो तो अनंत. जन्मभर त्याच्या मागे उभे राहणार काय?"

"मले कुठं इंग्रजी येते."

"कळतं ना? मग अर्धं झालंच."

तिनं जेवणाचा नियम केला. ताटावर जे पाहिजे ते इंग्रजीत मागायचं, नाही तर मिळणार नाही. श्रीधरनं आठ दिवस ठेच्याशिवाय जेवण केलं, कारण ठेच्याला काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. नवव्या दिवशी त्यानं हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि दगडी खल असं सगळं इंग्रजीत सांगितलं. पुरं वाक्य नव्हतं, पण ठेचा आला.

दिवाळीत मालकानं जाहीर केलं की मार्चमध्ये व्हिएतनामची माणसं पुन्हा येणार, आणि निर्यातीच्या मालाचा एक क्वालिटी इन्चार्ज नेमायचा आहे. खरेदीदारांशी तोच बोलेल. अट एकच, व्यावसायिक इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास असावी. ऑफिसात स्वानंद नावाचा डिप्लोमावाला होता, तो पासच होता. सुहासिनीनं श्रीधरला न विचारता त्याचा फॉर्म भरून टाकला.

मग डिसेंबर आला आणि ती ऑफिसच्या खुर्चीवरच गेली.

तेरवीच्या आधी, दहाव्या दिवशी, तिच्या फोनवर मेसेज आला. भैरवीनं वाचला. "बाबा, तुमच्या परीक्षेची तारीख आली. फेब्रुवारीचा चौथा शनिवार."

"कॅन्सल कर."

"आईनं भरलाय."

"मले मालूम आहे कोणं भरला. कॅन्सल कर."

भैरवीनं केला नाही. तेरवीला जिनिंगची माणसं आली. अनंतनं श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवला आणि जवळ बसला. माणूस वाईट नव्हता, फक्त गप्प बसणं त्याला जमत नसे. "श्रीधरभाऊ, आता तुम्ही कशाचंच टेन्शन घेऊ नका. व्हिएतनामवाल्यांचं मी अन् स्वानंद पाहून घेतो. तुम्ही आपले मागे उभे राहा, बास."

 पाहुणे गेल्यावर श्रीधरनं भैरवीला विचारलं, "क्लास कुठे असते या परीक्षेचा?"

क्लास सीताबर्डीला होता, एका चपलांच्या दुकानाच्या वर. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहाला. शिकवणारी मुग्धा तिशीची होती. वर्गात बारा मुलंमुली आणि श्रीधर. जिनिंगमधून तो तसाच यायचा, त्यामुळे त्याच्या भुवयांना रुई चिकटलेली असे. पहिल्या दिवशी एका पोरानं त्याला शिक्षक समजून गुड ईव्हनिंग सर म्हटलं, आणि श्रीधरनंही गुड ईव्हनिंग म्हणून पुढच्या बाकावर बसकण मारली.

परीक्षा तोंडी होती. दोन उमेदवार एकत्र आत जायचे. आधी ओळख, मग एकेकट्यानं एक मिनिट एखाद्या विषयावर बोलायचं, आणि शेवटी दोघांनी मिळून कामातल्या एका अडचणीवर चर्चा करायची. मुग्धानं सगळ्यांना वाक्यं पाठ करायला दिली होती. आजच्या वेगवान जगात, माझ्या नम्र मते, नाण्याची दुसरी बाजू पाहता, अशी चार पानं. श्रीधरनं ती बसमध्ये पाठ केली. सावनेर ते नागपूर दीड तास, आणि शेजारच्याला वाटे हा माणूस स्तोत्र म्हणून राहिला आहे.

तिसऱ्या आठवड्यात सराव परीक्षा झाली. श्रीधरची जोडी एका इंजिनियर पोराशी होती. विषय होता माल ट्रकनं पाठवावा की रेल्वेनं. पोरगा दीड मिनिट बोलला आणि थांबला. आता श्रीधरची पाळी. श्रीधरनं खिशातून चिठ्ठी काढली, पेन काढलं, चार शब्द लिहिले, चिठ्ठीची घडी केली आणि मुग्धाच्या हातात दिली.

वर्गात कोणाला काय करावं ते सुचेना. मग मागून एक जण फसकन हसला आणि सगळेच हसले.

"काका, हे काय?" मुग्धानं विचारलं.

श्रीधरला तेव्हा कळलं की आपण काय केलं. तो उभा राहिला आणि परत बसला. "चुकलं. सवय आहे. गाडीजवळ बोलत नाही आम्ही."

मुग्धानं चिठ्ठी उघडून वाचली. रेल्वेनं पाठवा, ट्रक उशीर करतो, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. "उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "मार्क शून्य. काका, इथे चिठ्ठी चालत नाही. तिथे बसलेल्याला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे."

त्या रात्री तो क्लास सोडणार होता. सकाळी वामनराव नेहमीप्रमाणे येऊन बसले. सुहासिनी गेल्यापासून ते रोज सकाळी यायचे, चहा प्यायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. सांत्वनाचं अक्षर कधी बोलले नाहीत. श्रीधरनं त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली. वामनराव पोट धरून हसले, आणि मग खुर्ची ओढून समोर बसले.

"मी व्हिएतनामचा व्यापारी आहो. बोल आता."

"चहा घेता का?"

"इंग्रजीत बोल ना गा. तो माणूस विमानानं आला आहे एवढ्या दूरून."

"भाऊ, तुमचं इंग्रजी तारेचं आहे. स्टॉप म्हणता तुम्ही वाक्यानंतर."

"मग चांगलंच आहे. तुले थांबायचं कुठं ते तर समजते. तुह्या क्लासवाल्या पोट्ट्याइले ते समजत नाही."

त्या दिवसापासून सकाळचा अर्धा तास वामनराव व्हिएतनाम झाले. कधी चिडलेला व्यापारी, कधी कंजूष व्यापारी. एकदा त्यांनी बहिऱ्या व्यापाऱ्याचं सोंग घेतलं आणि श्रीधरला प्रत्येक वाक्य ओरडून म्हणायला लावलं. खिडकीतून शेजारची बाई डोकावून गेली. तिला वाटलं भांडण लागलं.

संध्याकाळी भैरवीचा फोन यायचा. दहा मिनिटं, फक्त इंग्रजीत. दिवसभरात काय केलं ते सांगायचं. एका सोमवारी ती म्हणाली, आज जुन्या एखाद्या दिवसाबद्दल सांगा, कुठल्याही.  श्रीधरनं इंग्रजीत सांगितलं की त्या दिवशी मी छत्तीस गाड्या पाहिल्या. ती सव्वाअकराला गेली. मला चारला कळलं. मधे मी डबा खाल्ला. तिनं वांग्याची भाजी दिली होती. भाजी चांगली होती. मी कोणाला म्हटलं नाही.

 हे त्यानं मराठीत कोणालाच सांगितलं नव्हतं. मराठीत सांगायला गेलं की पहिल्याच शब्दाशी अडायचं. इंग्रजीत एकेक शब्द शोधून ठेवावा लागत होता, त्यामुळे ते निघालं.

"चुका सांग," तो म्हणाला.

"नाही आहेत, बाबा," भैरवी मराठीतच म्हणाली. चुका होत्या. दोघांनाही माहीत होतं.

परीक्षेच्या शनिवारी श्रीधरनं सुट्टी घेतली. हंगामात त्यानं सुतकाच्या तेरा दिवसांखेरीज सुट्टी घेतली नव्हती. वामनरावांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि परीक्षेच्या इमारतीपर्यंत सोडलं. "घाबरू नको. तो बहिरा नसते," एवढं बोलून गेले.

त्याची जोडी खुशी नावाच्या मुलीशी लागली. बावीस-तेवीस वर्षांची, पारशिवनीकडच्या एका गावातली, एका कंपनीत नोकरी पक्की होण्यासाठी हा कागद पाहिजे होता तिला. बाहेरच्या बाकावर ती ओठ हलवत बसली होती. आजच्या वेगवान जगात, हेच चाललं होतं. श्रीधरनं ओळखलं, कारण त्याच्या तोंडातही तेच होतं.

"चहा घेतला का बेटा?" त्यानं विचारलं.

"काका, प्लीज, आता मराठी बोलू नका. मी विसरून जाईन सगळं."

आत टेबलाच्या पलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्या प्रश्न विचारणार होत्या. कोपऱ्यात थोडं मागे एक गृहस्थ होते, मांडीवर कागद, हातात पेन. बाईंनी सांगितलं की हे फक्त ऐकतील, आणि मार्क तेच देतील. गृहस्थांनी मान हलवली. चेहऱ्यावर काहीच नाही. हसू नाही, राग नाही.

श्रीधरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीत नीट मागे टेकून बसला. हा माणूस त्याला ओळखीचा होता. हा ग्रेडर होता. गाडीजवळ बोलायचं नाही, चेहरा हलू द्यायचा नाही, आकडा कागदावर लिहायचा. एकतीस वर्षं श्रीधरनं दुसरं काय केलं होतं? आणि ग्रेडर काय करतो ते त्याला पक्कं माहीत होतं. विकणारे वरच्या थराला पांढराशुभ्र, निवडलेला कापूस लावतात आणि खाली ओला भरतात. वरचा थर पाहून ग्रेडरला उलट संशय येतो. तो हात खालीच घालतो.

पाठ केलेली चार पानं हा वरचा थर होता. श्रीधरनं ती तिथेच सोडून दिली.

एक मिनिटाचा विषय होता ग्राहकाचा विश्वास कसा मिळवावा. श्रीधर हळू बोलला, लहान वाक्यांत, प्रत्येक वाक्यानंतर तारेसारखा थांबत. तो म्हणाला, तुम्हाला पाहिजे ती रुईची गाठ ग्राहकासमोर उघडू नका. तो बोट दाखवेल ती उघडा. ती खराब निघाली तर तुम्ही आधी सांगा, त्यानं सांगायची वाट पाहू नका. एकदा त्यानं हे पाहिलं की पुढच्या वर्षी तो बोट दाखवणार नाही. मिनिट संपायला दहा सेकंद होते. भर घालायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून तो थांबला. कोपऱ्यातल्या गृहस्थांनी काहीतरी लिहिलं.

खुशीनं आपलं मिनिट पाठांतरावर काढलं. मग चर्चेचा कागद आला. तुमच्या कंपनीनं परदेशी पाठवलेला माल खराब निघाला, ग्राहकाची तक्रार आली आहे, काय उत्तर द्यायचं आणि कोणाला पाठवायचं ते दोघांनी ठरवा. सुरुवात खुशीनं करायची होती. ती म्हणाली, आजच्या वेगवान जगात. आणि पुढे काही येईना. तिनं दोनदा तेच म्हटलं. गळ्याशी लाल डाग उठले. बाई वाट पाहत राहिल्या. त्यांना मदत करायची परवानगी नसावी.

आधीच्या श्रीधरनं अशा वेळी खाली पाहिलं असतं. उस्तादाचा नियम तसाच होता, दुसऱ्याच्या गाडीत हात घालायचा नाही. पण हे दोघांचं मिळून एकच काम होतं, आणि घड्याळ चालू होतं. तो खुर्चीत तिच्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "मिस खुशी, समजा तो ग्राहक तुम्हीच आहात. तुम्ही नवा कुकर घेतला आणि तो गळतो आहे. दुकानदारानं काय केलं म्हणजे तुम्हाला जास्त राग येईल? माल खराब दिला म्हणून, की आठ दिवस फोन उचलला नाही म्हणून?"

खुशीनं त्याच्याकडे पाहिलं. "फोन," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या आईसोबत हेच झालं होतं." आणि मग ती बोलायला लागली. आईच्या शिलाई मशीनची गोष्ट तिनं सांगितली, पाठ न केलेल्या इंग्रजीत, अडखळत, पण खरी. तिचं मत पडलं की आधी त्याच दिवशी फोन करायचा. श्रीधर म्हणाला, बरोबर, पण फोनवर कारणं द्यायची नाहीत. ती म्हणाली, कारणं विचारली तर? तो म्हणाला, तर खरं सांगायचं, की आमच्या माणसानं अठ्ठावीसला तीस म्हटलं. ती म्हणाली, असं सांगितलं तर तो पुढे आपल्याकडून घेणारच नाही. तो म्हणाला, घेईल, कारण बाकीचे कोणी हे सांगत नाहीत. दोघांचं यावर चांगलंच जुंपलं. शेवटी ठरलं की मालाची पारख असलेल्यालाच पाठवायचं, नुसत्या बोलणाऱ्याला नाही. तेवढ्यात बाईंनी थँक यू म्हटलं आणि वेळ संपली.

जिना उतरताना खुशीनं श्रीधरला गाठलं. "काका, तुम्ही मध्ये विचारलं नसतं तर मी गेली होती."

"मी पण गेलोच होतो. तू भांडली म्हणून मले बोलता आलं." तो टपरीकडे वळला. "आता तर चहा घेशील ना वं?"

"दोन घेईन," खुशी म्हणाली.

निकाल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. भैरवीनं पुण्याहून आधी पाहिला आणि श्रीधरचा फोन गेटवरच्या पेटीत असेल हे आठवून तिनं जिनिंगच्या ऑफिसात फोन लावला. तो नंबर तिनं डिसेंबरातच लिहून ठेवला होता. फोन अनंतनं घेतला, आणि तोच धावत गाड्यांपाशी आला.

"श्रीधरभाऊ, पास. अन् नुसते पास नाही, वरच्या श्रेणीत. स्वानंदपेक्षा वर आहे राजेहो तुमचं."

श्रीधरनं हातातला कापूस ओढला, आकडा लिहिला, चिठ्ठी दिली. मग डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. गाडीवाला म्हणाला, "काय झालं भाऊ?"

"इंग्रजीत पास झालो," श्रीधर म्हणाला. गाडीजवळ गाडीवाल्याशी तो पहिल्यांदाच काही बोलला होता. गाडीवाल्यानं बाजूच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या बाजूच्याला, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत श्रीधरभाऊ विलायतेला चालले असं झालं.

घरी वामनराव फाटकाशी उभे होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "साल झाल्याशिवाय या घरात पेढे वाटत नाही, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पण तर्री-पोहे कुठं पेढ्यात येतात?" दोघांनी ते ओट्यावर बसून खाल्ले. तर्री इतकी झणझणीत होती की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि कोणाचं कशानं ते विचारायची गरज पडली नाही.

व्हिएतनामचे खरेदीदार वीस मार्चला आले. एक पुरुष आणि एक बाई, दोघांच्याही पायात बूट पांढरे. मालक पुढे, अनंत त्यांच्या बाजूला, श्रीधर सवयीनं दोन पावलं मागे. गाठींच्या गोदामात अनंतनं हात पसरले आणि सुरू केलं, "सर, मॅडम, हा सगळा माल..."

"अनंत," मालक म्हणाले, "इन्चार्ज बोलतील."

श्रीधर दोन पावलं पुढे आला. एवढं अंतर चालायला त्याला एकतीस वर्षं लागली होती. त्यानं आपलं नाव सांगितलं. मग इंग्रजीत म्हणाला, डावीकडचा ढीग एकोणतीस आहे, उजवीकडचा अठ्ठावीस. तीसचा माल यंदा आमच्याकडे नाही. तुम्ही म्हणाल ती गाठ उघडतो.

बाईंनी उजव्या ढिगाच्या तळची गाठ दाखवली. ती काढायला चार माणसं लागली. श्रीधरनं पट्ट्या तोडल्या, आतून चिमूटभर रुई काढली, दोन अंगठ्यांत धरून ओढली आणि मोठ्यानं आकडा सांगितला. अठ्ठावीस. गोदामातल्या मजुरांनी काम थांबवलं. श्रीधरच्या तोंडून त्यांनी आकडा कधी ऐकला नव्हता. तीच रुई लॅबच्या मशीनवर गेली आणि पाच मिनिटांनी कागद आला. कागदावर अठ्ठावीसच होतं, पुढे थोडा अपूर्णांक.

खरेदीदारांनी दोन्ही ढीग घेतले, अठ्ठावीसचा अठ्ठावीस म्हणून. जाताना बाईंनी श्रीधरला विचारलं की तुम्ही इतकं स्वच्छ बोलायला कुठे शिकलात. तो म्हणाला, घरी. माझ्या पत्नीनं शिकवलं. तिचं नाव सुहासिनी. हेही तो इंग्रजीत म्हणाला, आणि आवाज हलला नाही.

संध्याकाळी गेटवर फोन घेताना अनंत जवळ आला. "भाऊ, माझं कामच काढून घेतलं ना तुम्ही."

"तुझं काम आहे की. मालकाले चहा लागते, पाहुण्याइले गाडी लागते. बोलायले लय आहे तुले," श्रीधर म्हणाला. अनंत हसला. त्याला हसावंच लागलं, कारण आजूबाजूचे आधीच हसत होते.

भैरवीनं ही सगळी हकिकत आपल्या स्टेटसवर टाकली, त्यामुळे दोन दिवस फोन येत राहिले. मुग्धाचा आला. खुशीचा आला, तिची नोकरी पक्की झाली होती. सुहासिनीच्या कॉलेजातल्या शोभाताईंचा आला. त्या तिच्या बाजूच्या टेबलावर बसत. अभिनंदन करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, सुहासिनीचा ड्रॉवर अजून तसाच आहे. आम्ही कोणी हात नाही लावला. तुम्हाला जमेल तेव्हा या."

श्रीधर शनिवारी येतो म्हणाला. त्यानंतर चार शनिवार झाले. तो ड्रॉवर रिकामा करायचा राहिला आहे.